वलंचुळीचा पांढरा गणपती आणि छातीतली धडधड



तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातल्या मराठी शिलालेखाबद्दल मी मागे लिहिले होते. तेव्हा काही माजी सैनिक बांधवांनी विचारले, "त्या भागातले पुढचे काय?" पुढचे म्हणजे तिरुवलंचुळी. कुंभकोणमपासून सहा-सात किलोमीटर, स्वामीमलैच्या शेजारी. भाताची शेते, केळीच्या बागा आणि मध्ये चोळांच्या काळातले मोठे शिवमंदिर. पण आजचा लेख देवळावर नाही. त्या देवळात माझ्या शरीराने मला न विचारता एक गोष्ट केली. तिच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, तो सांगायचा आहे. थोडे रसायनशास्त्र येईल, पण एमआय रूमच्या भाषेत सांगतो.

सध्या माझी पोस्टिंग चेन्नईला आहे. दोन दिवस सुट्टी मिळाली म्हणून कुंभकोणमला गेलो होतो. वलंचुळीच्या देवळात पांढरा गणपती आहे, श्वेत विनायक. कथा अशी सांगतात की समुद्रमंथनाला निघताना देव गणपतीला विसरले आणि म्हणून अमृताऐवजी आधी विष वर आले. मग इंद्राने समुद्राच्या फेसाचा गणपती करून त्याची पूजा केली. तोच हा. फेसाचा म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक करत नाहीत, भीमसेनी कापराची पूड तेवढी वाहतात. त्याच्या मंडपातली दगडी जाळी पाहण्यासारखी आहे. मी ती जाळी बघत उभा होतो, तेवढ्यात बाहेर धडाधड आवाज झाले.

पुढचे मला नीट आठवत नाही. आठवते ते एवढेच की मी खांबाच्या आड खाली बसलेलो होतो, डावे कोपर दगडावर खरचटले होते आणि उजवा हात डोक्यावरचे हेल्मेट चाचपत होता. हेल्मेट कुठले असायला! लोक बघत होते. एक लहान मुलगी आईच्या मागे लपली.

एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. मागून नाही, समोरून, मला दिसतील असे. हात लावला नाही. दोन पावलांवर थांबून पलटणीच्या हिंदीत म्हणाले, "साब, बैठे रहो. बाहर शवयात्रा जा रही है, पटाखे हैं." इकडे अंत्ययात्रेत फटाके लावतात हे मला माहीत होते. पण ते माझ्या डोक्याला माहीत होते, शरीराला नव्हते. पाणी दिल्यावर त्यांनी दुसरे काही विचारले नाही, फक्त म्हणाले, "कौन सा सेक्टर?"

ते मद्रास रेजिमेंटचे निवृत्त नायब सुभेदार निघाले.

मी आर्मी मेडिकल कोरचा हवालदार, नर्सिंग असिस्टंट. सवयीने मनगटावर बोट ठेवून नाडी मोजली: १२८. तळहात थंड, तोंड कोरडे. अर्ध्या तासाने नाडी ८४ वर आली. आणि मला एकदम एक पोरगा आठवला.

नियंत्रण रेषेजवळच्या एका ठाण्यावर आमच्या एमआय रूममध्ये तो आला होता. माझ्याच जिल्ह्यातला शिपाई, चोवीस-पंचवीसचा. जवान नर्सिंग असिस्टंटलाही डॉक्टरसाहेबच म्हणतात. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, रात्री अचानक छाती धडधडते. हात बधिर होतात. आता मरतोय असं वाटतं." त्याआधी पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या मोर्चाजवळ मॉर्टरचे गोळे पडले होते. मी बीपी पाहिले, नाडी पाहिली. नंतर ईसीजीही झाला, तो नॉर्मल आला. मी त्याला पित्ताची गोळी दिली आणि म्हणालो, "काही नाही तुला. मनाचा खेळ आहे. मन घट्ट कर. मावळा ना तू?" तो "जी" म्हणाला आणि गेला. परत कधी आला नाही. पुढे नोकरी सोडून गावी गेला, एवढे कानावर आले होते.

"मनाचा खेळ" हे माझे वाक्य वलंचुळीच्या खांबाआड बसून मला परत ऐकू आले. मंडळी, तो मनाचा खेळ नव्हता. तो रक्तात होता, ग्रंथीत होता, मेंदूच्या पेशीपेशीत होता. हे माणसाला कसे कळत गेले, ते आता ऐका.

१८५५ साल

आपल्या लोकांच्या दृष्टीने १८५५ हे तंजावरचे वाईट साल. शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि व्यंकोजीराजांपासून चालत आलेले राज्य कंपनी सरकारने खालसा केले. ह्याच घराण्यात सरफोजीराजे दुसरे होऊन गेले, १७९८ ते १८३२ हा त्यांचा काळ. त्यांनी धन्वंतरी महाल उभारला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपियन वैद्यक एका छपराखाली आणले. डोळ्यांच्या रोग्यांचे केसपेपर ठेवले, दुखऱ्या डोळ्याचे रंगीत चित्र काढून आणि काय उपाय केला ते लिहून. त्यातले कागद आजही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण दुखणे लिहून ठेवले तरच पुढच्या माणसाला कळते. आम्ही त्या पोराच्या केसपेपरवर लिहिले होते, 'काही विशेष नाही.'

त्याच १८५५ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी एक छोटे पुस्तक काढले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी बसलेल्या असतात, त्यांना आज ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. त्या कशासाठी आहेत, तोवर कोणाला ठाऊक नव्हते. ॲडिसननी दाखवले की ह्या ग्रंथी बिघडल्या की माणूस खंगत जातो, कातडी काळवंडते आणि तो मरतो. म्हणजे एवढ्याशा टोपीवर जीव टांगलेला.

चाळीसेक वर्षांनी, १८९४ च्या सुमारास, जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर ह्या दोघांनी लंडनमध्ये ह्या ग्रंथीचा अर्क प्राण्यांच्या शिरेत टोचला आणि रक्तदाब एकदम वर चढला. तो चढवणारा पदार्थ शुद्ध करून त्याचे स्फटिक मिळवले ते अमेरिकेत काम करणाऱ्या जपानी जोकिची ताकामिने आणि त्यांचे सहकारी उएनाका यांनी. १९०१ मध्ये त्यांनी तो जाहीर केला: ॲड्रिनलिन. आज आमच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये जी काचेची कुपी असते, ती हीच.

हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी पुढचे काम केले. मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला की मांजराच्या रक्तात हाच पदार्थ सापडतो, हे त्यांनी १९११ मध्ये दाखवले. हृदय जोरात चालते, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, पोटाचे काम थांबते, रक्त स्नायूंकडे वळते. लढ किंवा पळ, दोन्हींची तयारी. १९१५ मध्ये त्यांचे पुस्तक आले. पुढे ते स्वतः फ्रान्सच्या आघाडीवर जखमी सैनिकांच्या शॉकचा अभ्यास करायला गेले.

आता त्या मंडपातले माझे दोन सेकंद बघा. कानात आवाज शिरला. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, अमिग्डला. न्यूयॉर्कचे जोसेफ लदू यांनी १९८० च्या दशकात उंदरांवर दाखवले की आवाजाची खबर ह्या भागाला एका जवळच्या वाटेने पोचते. 'हा फटाका आहे की गोळा' असा विचार करणाऱ्या मोठ्या मेंदूकडे जाणारा रस्ता लांबचा आहे. संत्री आधी 'थम' ओरडतो, ओळख नंतर विचारतो, तसेच. अमिग्डलाने इशारा दिला, हायपोथॅलॅमसने नसांच्या लाइनवरून ॲड्रिनल ग्रंथीच्या आतल्या गाभ्याला हुकूम दिला, आणि ॲड्रिनलिन रक्तात उतरले. मी खाली बसलो ते 'मी' ठरवण्याआधी.

हे ॲड्रिनलिन बनते कशापासून? लंगरच्या डाळीतून आणि दुधातून मिळणाऱ्या टायरोसीन नावाच्या अमिनो आम्लापासून. टायरोसीनचे डोपा होते, डोपाचे डोपामाइन, त्याचे नॉरॲड्रिनलिन आणि शेवटी ॲड्रिनलिन. ही साखळी हर्मन ब्लाश्को यांनी १९३९ मध्ये इंग्लंडमध्ये मांडली. ते स्वतः जर्मनीतून जीव वाचवून आलेले निर्वासित होते.

कुतचा वेढा

कॅननचे पुस्तक आले त्याच १९१५ मध्ये, फेब्रुवारीत, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'लॅन्सेट' साप्ताहिकात तीन सैनिकांची हकीकत छापली. गोळे फुटले तेव्हा हे तिघे जवळ होते. अंगावर मोठी जखम नाही, पण दिसणे, झोप, आठवण बिघडलेली. मायर्सनी शब्द वापरला 'शेल शॉक'. सुरुवातीला वाटले की स्फोटाच्या दाबाने मेंदू हलत असेल. पण मग असे सैनिक येऊ लागले की ज्यांच्याजवळ एकही गोळा फुटला नव्हता. स्वतः मायर्सही पुढे त्या शब्दाबद्दल नाखूश झाले.

त्या युद्धात ब्रिटिश सैन्याने पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्यांपैकी ३०६ जणांना २००६ मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी, माफी दिली गेली. त्यातले किती जण भित्रे होते आणि किती आजारी, हे आता कोण सांगणार?

आणि आपले? १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराला ६ वी पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या. रोज तोफगोळे, शेवटी खायला घोड्याचे मांस, आणि शरणागतीनंतर वाळवंटातली पायपीट. साताऱ्याकडच्या गावांत पहिल्या महायुद्धाचे दगड लागलेले आहेत: इतके गेले, इतके परत आले नाहीत. जे परत आले, ते रात्री कसे झोपले हे दगडावर लिहीत नाहीत. "आजोबा तापट होते", "आजोबा कोणाशी बोलत नसत", एवढेच घरात शिल्लक राहते.

दुसरी वाट: रनर

ॲड्रिनलिन ही टेलिफोनची लाइन असेल, तर दुसरी वाट रनरची आहे. सावकाश, पण लांबवर जाणारी.

१९३६ च्या जुलैमध्ये माँट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी 'नेचर' साप्ताहिकात एक लहानसे पत्र लिहिले. उंदरांना थंडी द्या, जखम करा, दमवा, विष टोचा, काहीही करा. शेवटी तीनच गोष्टी दिसतात: ॲड्रिनल ग्रंथी फुगलेली, प्रतिकारशक्तीची थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि पोटात व्रण. कारणे वेगळी, शरीराचे उत्तर एक. ह्यालाच पुढे ते 'स्ट्रेस' म्हणू लागले आणि तो शब्द जगभर पसरला. आज आपल्या गावचा शेतकरीही म्हणतो, "लय टेन्शन आहे."

हे उत्तर ॲड्रिनल ग्रंथीच्या बाहेरच्या सालीतून येते. त्यातला मुख्य पदार्थ कॉर्टिसॉल, जो शरीर कोलेस्टेरॉलपासून बनवते. ह्या सालीतल्या पदार्थांच्या कामासाठी केंडल, राइखस्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल मिळाले. पण सालीला हुकूम कोण देतो? ती चेन ऑफ कमांड शोधायला आणखी तीस वर्षे लागली. हायपोथॅलॅमस म्हणजे ब्रिगेड हेडक्वार्टर. त्याने सीआरएच नावाचा संदेश पाठवायचा. पिट्यूटरी ग्रंथी म्हणजे पलटण, तिने एसीटीएच पाठवायचा. मग ॲड्रिनलच्या सालीने, म्हणजे कंपनीने, कॉर्टिसॉल सोडायचे. ब्रिगेडचा तो मूळ संदेश पकडायला अमेरिकेत वायली व्हेल यांच्या गटाला लाखो मेंढ्यांच्या मेंदूंचे तुकडे गाळावे लागले. १९८१ मध्ये तो हाती लागला: ४१ अमिनो आम्लांची एक साखळी.

कॉर्टिसॉल रक्तात शिगेला पोचायला वीस-तीस मिनिटे लागतात. ते साखर पुरवते, सूज दाबते, आणि काम झाले की स्वतःच वर जाऊन ब्रिगेडला सांगते, "बस, आता बंद करा." 'ऑल क्लिअर' देणारा आणि लढाईची रसद पुरवणारा एकच माणूस, अशी ही रचना आहे. ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये दाखवले की उंदराच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे जिथे आठवणी बसतात तो भाग, हे हार्मोन भरभरून उचलतो. म्हणजे ग्रंथीतले रसायन थेट आठवणीच्या खोलीत जाते.

दोन्ही वाटा एकमेकींना भेटतातही. वुर्टमन आणि ॲक्सलरॉड यांनी १९६५-६६ मध्ये दाखवले की सालीतले हार्मोन रक्तातून आतल्या गाभ्यात झिरपते आणि नॉरॲड्रिनलिनचे ॲड्रिनलिन करणारे एन्झाइम वाढवते. रनर जाता जाता लाइनवाल्यालाही दारूगोळा देऊन जातो. ही तयारी एक-दोन तासांच्या लढाईसाठी उत्तम. पण महिनोन्‌महिने रोज रात्री 'स्टँड टू' असेल तर काय होईल? कोणतीही पलटण सांगेल.

मुळी, मुंबई आणि रिकामी कोत

आता आपल्या देशाची गोष्ट, जी आपल्यालाच फारशी माहीत नसते.

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. बिहारकडे तिच्या मुळीला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्यातले पदार्थ वेगळे केले. त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलिन' नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते. जगाने फारसे लक्ष दिले नाही.

मग मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील पुढे आले. पारशी, लंडनला शिकलेले, हृदयरोगाचे तज्ज्ञ. वर्षानुवर्षे त्यांनी मुंबईच्या रोग्यांना सर्पगंधा दिली, रक्तदाब मोजले, लिहून ठेवले, आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला. आता जग जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य पदार्थ वेगळा केला: रेसर्पिन. १९५४ मध्ये न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनी तो मनोरुग्णांना दिल्याचा अहवाल आला. १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते.

पण रेसर्पिन शांत कसे करते? १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेत ब्रोडी, प्लेचर आणि शोर यांनी पाहिले की ते दिल्यावर मेंदूतले सेरोटोनिन संपते. नॉरॲड्रिनलिनही संपते, हे होल्त्सबाउअर आणि फोग्ट यांनी दाखवले. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने दगडासारख्या झालेल्या सशांना डोपा टोचले, आणि ससे उठून हलू लागले! त्यातून डोपामाइनचे महत्त्व कळले. २००० साली त्यांना नोबेल मिळाले.

आपल्या भाषेत सांगायचे तर नसांच्या टोकांना छोट्या छोट्या कोती असतात, त्यांत ही रसायने भरून ठेवलेली असतात. रेसर्पिन त्या कोतींचा भरण्याचा दरवाजा बंद करते. हळूहळू कोत रिकामी होते. हुकूम आला तरी फायर होत नाही. छाती धडधडत नाही, रक्तदाब उतरतो.

आणि इथेच एक धडा मिळाला. काही रोगी शांत झाले, पण इतके की उदास झाले, कशातच जीव रमेना. ज्या रसायनाने भीती पेटते, त्याच्याच भावंडांनी उमेदही पेटते. कोत जाळून टाकली की शत्रूही मेला आणि पलटणही. मनाच्या आजारात मेंदूची रसायने पाहावीत, हा विचार जगात रुजला त्यात आपल्या ह्या मुळीचा मोठा हात आहे. पुढची औषधे जास्त नेमकी आली. म्हणून सांगतो, वैद्य किंवा फार्मसीवाला मित्र म्हणतो म्हणून सर्पगंधा किंवा झोपेची गोळी स्वतःहून घेऊ नका. आणि संध्याकाळची रम हेही औषध नाही. कोटा संपेपर्यंत झोप येते, पहाटे तीनला जाग येते, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

जे सोपे निघाले नाही

व्हिएतनाम युद्धानंतर १९८० मध्ये अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी हे नाव आले. १९८६ मध्ये जॉन मेसन आणि सहकाऱ्यांनी अशा माजी सैनिकांच्या लघवीतले कॉर्टिसॉल मोजले. सगळ्यांना वाटले होते, जास्त निघेल. निघाले कमी. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत तसे दिसले नाही, पण एक कल्पना त्यातून पुढे आली: ह्या माणसांत 'ऑल क्लिअर'ची घंटाच जरा जास्त संवेदनशील होत असावी, आणि त्यामुळे ॲड्रिनलिनच्या बाजूला आवर घालायला कॉर्टिसॉल पुरत नसावे. रक्ताच्या एका तपासणीत 'हा खरा, हा खोटा' असे आजही सांगता येत नाही. म्हणून पोराचा ईसीजी नॉर्मल आला, ह्याचा अर्थ पोरगा नॉर्मल होता असा नव्हता. त्याचे हृदय चांगलेच होते. ते फक्त चुकीच्या वेळी बरोबर काम करत होते.

हे मला तेव्हा शिकवले गेले नव्हते असे नाही. धड्यात होते. पण पलटणीत दुसरा धडा मोठा असतो: मर्द घाबरत नाही. तो धडा मी त्याला दिला.

नायब सुभेदारसाहेब

त्या दिवशी देवळात नायब सुभेदारसाहेबांनी स्वतःचे थोडे सांगितले. १९८७ मध्ये ते शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले होते, जाफन्याला. परत आल्यावर कित्येक वर्षे बायको त्यांना उठवायची ती दारातून हाक मारून, जवळ येऊन नाही. "मुझे खुद से डर लगता था," म्हणाले. शेवटी मुलाने दवाखान्यात नेले. सहा महिने औषध, आणि त्याहून जास्त काळ एका डॉक्टरबाईंशी बोलणे. आवाज अजून सहन होत नाहीत, पण आता ते समोरून येऊन दुसऱ्याला पाणी देतात.

मग त्यांनी गावाच्या नावाची कथा सांगितली. वलम म्हणजे उजवीकडे, चुळी म्हणजे भोवरा. कावेरी इथे एका विवरात शिरून पाताळात गेली. आकाशवाणी झाली की राजाने किंवा ऋषीने आत उतरून देह दिला तर ती वर येईल. हेरंड ऋषी उतरले आणि कावेरी उजवे वळण घेऊन वर आली. त्यांची मूर्ती देवळात आहे, ती त्यांनी मला नेऊन दाखवली. म्हणाले, "हमारे डॉक्टर को मैं यही बोलता था. कोई नीचे उतरा, तब मैं ऊपर आया."

चेन्नईला परतल्यावर मी त्या पोराचा नंबर शोधला. तीन जणांना फोन करावे लागले. तो आता ट्रॅक्टर चालवतो. लग्न झाले आहे, एक मुलगी आहे. गणपतीच्या मिरवणुकीला जात नाही, दिवाळीत शेतावरच्या खोलीत राहतो. गावात त्याला 'पळून आलेला फौजी' म्हणतात.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो. तुला मनाचा खेळ नव्हता. ते ॲड्रिनलिन होतं." आणि वर लिहिले आहे त्यातले जमेल तेवढे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे डॉक्टरसाहेब, मी भित्रा नव्हतो?"

"नाही," म्हणालो. "गोळे पडले त्या रात्री तू मोर्चा सोडला होतास का?"

"नाही."

"मग झालं."

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या मानसोपचार तज्ज्ञांकडे जायचे त्याने कबूल केले आहे. मी सुट्टी टाकली आहे, सोबत जाणार. फोन ठेवताना म्हणाला, "हे सगळं लिहून पाठवा ना. आमच्या बाबांना वाचून दाखवतो. त्यांना तोंडी पटायचं नाही." म्हणून हा लेख.

माजी सैनिक बांधवांनो, तुमच्या घरात किंवा ओळखीत असा कोणी असेल तर ईसीएचएसच्या दवाखान्यात विचारा. टेलि-मानसचा सरकारी क्रमांक १४४१६ आहे, मराठीतही बोलता येते. आणि त्याच्याजवळ जाल तेव्हा समोरून जा, हात लावू नका, आधी पाणी द्या.

जय हिंद.